ज्यांना कर नाही, त्यांच्याच व्याजाला कात्री

एप्रिलचा पहिला आठवडा उजाडला की बुधवार पेठेतील बँकांच्या शाखांत एक ठरावीक गर्दी दिसू लागते. हातात कापडी पिशवी, पिशवीत पासबुके, ठेवींच्या पावत्या आणि झेरॉक्सच्या दोन-दोन प्रती. सत्तरीला टेकलेला नवरा आणि त्याच्या मागोमाग कठडा धरून पायऱ्या चढणारी बायको. यांना पैसे काढावयाचे नसतात आणि ठेवावयाचेही नसतात. ‘आमचे उत्पन्न कर देण्याजोगे नाही, सबब आमच्या व्याजातून कर कापू नये’ एवढे एक निवेदन त्यांना सही करून द्यावयाचे असते. गेल्या एप्रिलमध्येही त्यांनी हेच निवेदन दिले होते. जगलेवाचले तर पुढल्या एप्रिलमध्येही हेच द्यावयाचे आहे.

या निवेदनाला वर्षानुवर्षे ‘फॉर्म १५ एच’ म्हणून ओळखले गेले. १९६१ च्या आयकर कायद्याची ही उपज. त्या कायद्याच्या जागी संसदेने २०२५ साली नवा कायदा संमत केला आणि त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. परंतु कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलल्याने म्हाताऱ्या माणसाची एकही पायरी कमी होत नाही. आपण कराला पात्र नाही हे सिद्ध करण्याचा भार या व्यवस्थेने त्याच्याच डोक्यावर ठेवला आहे, आणि तो भार कायम आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. अल्प उत्पन्नाच्या निवृत्त जोडप्यांवर आयकर लागू नाही, हे सरकार स्वतःच मान्य करते. तरीही त्यांच्या तुटपुंज्या व्याजाला उगमातच कात्री लावली जाते आणि ज्यांना फॉर्म समजला नाही, भरता आला नाही किंवा आजारपणात भरावयाचा राहिला, त्यांचा पैसा सरकारजमा होतो. तो परत मागण्याची वाट इतकी अवघड आहे की पुष्कळजण ती चालतच नाहीत. ही अडाण्यांवर आणि थकलेल्यांवर बसविलेली पट्टी आहे. तिला कर म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. हा प्रश्न ‘पांढरपेशांचा’ म्हणून बाजूस सारणाऱ्या आपल्याच काही कार्यकर्त्यांनी तो नीट समजून घ्यावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

कर निराळा, कपात निराळी

पहिली गोष्ट ही की कर आणि कपात या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कर किती लागतो हे वर्षाच्या एकूण उत्पन्नावरून ठरते. कपात मात्र बँक आपल्यापुरते पाहून करते. तिला माणसाचे एकूण उत्पन्न ठाऊक नसते. आपल्या वहीत त्याच्या नावे किती व्याज पडले एवढेच तिला दिसते.

आता आकडे पाहू. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, आणि १२ लाखांपर्यंत जो काही कर निघेल तो सवलत म्हणून माफ होतो. जुन्या प्रणालीत साठीवरील माणसाला ३ लाखांपर्यंत आणि ऐंशीवरील माणसाला ५ लाखांपर्यंत कर नाही. त्याशिवाय ठेवींच्या व्याजातील ५०,००० रुपयांची वजावट २०१८ च्या अर्थसंकल्पाने दिली, आणि करपात्र उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर कर माफ होतो. म्हणजे कोणत्याही मार्गाने गेले तरी वर्षाला दीड-दोन लाखांवर गुजराण करणाऱ्या जोडप्याचा आयकर शून्य.

कपातीचे गणित याहून वेगळे. साठीवरील ठेवीदाराचे एका बँकेतील वर्षाचे व्याज २०१८ पर्यंत १०,००० रुपयांवर गेले की कात्री लागत असे. त्या वर्षी ही मर्यादा ५०,००० झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून १ लाख झाली. साठीच्या आतील माणसाला ती त्याच तारखेपासून ५०,००० आहे. मर्यादा ओलांडली की नुसत्या वरच्या रकमेवर नव्हे, सबंध व्याजावर १० टक्के कपात होते. पॅन नसेल तर २० टक्के.

नमुन्यादाखल एक जोडपे घेऊ. नवरा एकाहत्तर वर्षांचा, छापखान्यात जन्म घालवलेला, बायको सहासष्टची. कर्मचारी पेन्शन योजनेतून त्याला महिना २,६०० रुपये मिळतात, म्हणजे वर्षाचे ३१,२००. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि बायकोने शिवणकामातून व भिशीतून मागे टाकलेले पैसे मिळून १८ लाखांची ठेव. ती एकाच बँकेत आणि पासबुकावर पहिले नाव नवऱ्याचे. सात टक्क्यांनी वर्षाचे व्याज १,२६,०००. दोन्ही मिळून उत्पन्न १,५७,२००. यावर कर शून्य. परंतु फॉर्म वेळेवर गेला नाही तर बँक १२,६०० रुपये कापून सरकारात भरते. ही या माणसाची जवळजवळ पाच महिन्यांची पेन्शन झाली. पॅनचा घोटाळा असेल तर २५,२०० जातात. म्हणजे जवळजवळ दहा महिन्यांची पेन्शन.

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ अशी द्वाही फिरविणाऱ्यांना आमचा साधा प्रश्न आहे. कर जर बारा लाखांच्या पुढे सुरू होतो, तर कात्री एक लाखाला का चालते? करमुक्तीच्या रेषेच्या दहाव्या हिश्श्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या व्याजातून तुम्ही कोणाचा कर वसूल करता?

‘फॉर्म भरून द्या’ हे उत्तर नव्हे

यावर ठरलेले उत्तर येते: फॉर्म भरून द्यावा, कपात होणार नाही; आणि झालीच तर विवरणपत्र भरून परतावा घ्यावा. कागदावर हे बिनतोड आहे. जिन्यावर तसे नाही.

फॉर्म दरवर्षी द्यावा लागतो. तो प्रत्येक बँकेत वेगळा द्यावा लागतो. टपाल खात्यात ज्येष्ठ नागरिकांची ठेव असेल तर लक्ष्मी रस्त्यावरच्या सिटी पोस्टात निराळा. तो पॅनशिवाय ग्राह्य धरला जात नाही. पॅनला आधार जोडलेले हवे. ते न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय ठरले आणि मुदतीनंतरच्या जोडणीसाठी १,००० रुपये शुल्क ठेवले गेले. ऐंशीवरील वृद्धांना यातून वगळले हे खरे. परंतु सत्तरीतील बाईचे काय? एका कागदावर तिचे माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर जन्मतारखेच्या जागी नुसते वर्ष. हे तीन कागद जुळवून आणता आणता तिच्या व्याजातून दुप्पट दराने कपात होऊन जाते. जिला शाळेत घातले नाही, तिच्याकडून कागदांची एकवाक्यता मागणे आणि ती नाही म्हणून दंड करणे, याला कोणता न्याय म्हणावयाचा?

पुष्कळांना दरमहा व्याज नको असते. ते ठेवीतच मुरू द्यावे आणि मुदतीअखेर एकदम घ्यावे, असा बेत असतो. येथेही बँक दरवर्षी व्याजाचा हिशेब करते आणि कपात उरकते. हाती न पडलेल्या पैशावरचा, न लागणारा कर असा आगाऊ कापला जातो.

राहिली परताव्याची गोष्ट. ज्याचे उत्पन्न करपात्र नाही त्याला एरवी विवरणपत्र भरण्याची सक्ती नाही. परंतु कापलेले पैसे परत हवे असतील तर ते भरावेच लागते. ते संगणकावर भरावे लागते, त्यासाठी मोबाइलवर आलेला आकडा सांगावा लागतो, बँकखात्याची खातरजमा करून द्यावी लागते. यातले काहीच न येणारा माणूस सल्लागाराकडे जातो आणि आपलेच पैसे परत मिळविण्यासाठी फी मोजतो. कापली जाणारी रक्कम दोन-तीन हजारांची असेल तर फी आणि रिक्षाभाडे जाऊन हाती काय उरते, हा हिशेब करून तो गप्प बसतो. सरकारचा फायदा याच गप्प बसण्यात आहे.

२०२१ साली पंचाहत्तरीपुढील नागरिकांना विवरणपत्रातून मुक्त केल्याचा मोठा गाजावाजा झाला. त्यातील अट वाचावी. उत्पन्न फक्त पेन्शन आणि व्याज एवढेच हवे, आणि ज्या बँकेत पेन्शन जमा होते त्याच बँकेतील व्याज हवे. थोडी ठेव पोस्टात, थोडी नागरी सहकारी बँकेत, थोडी पतसंस्थेत अशी पुंजी विभागून ठेवणारा शहाणा माणूस या सवलतीतून आपोआप बाहेर पडतो. आणि ज्याला कर लागतच नाही, त्याला विवरणपत्राच्या माफीचे कौतुक कशाला? त्याला कपातीपासून मुक्ती हवी आहे.

विश्वास कोणावर?

शासनाची वर्गीय दृष्टी भाषणांत दिसत नाही. ती अशा बारीक नियमांत दिसते. देशात राहणारा धनिक बाजारात शेअर विकून कोट्यवधींचा नफा मिळवितो, तेव्हा व्यवहारावरचा किरकोळ कर सोडला तर त्या नफ्यातून उगमात काहीही कापले जात नाही. त्याने वर्षाअखेर स्वतः हिशेब करून कर भरावा, असा कायद्याचा त्याच्यावर विश्वास आहे. ज्याला कर लागतो त्याच्यावर विश्वास, आणि ज्याला लागत नाही त्याच्यावर अविश्वास, असा हा उफराटा न्याय आहे.

दरांचीही तीच कथा. ऑक्टोबर २००४ पासून मार्च २०१८ पर्यंत शेअर बाजारातील दीर्घ मुदतीचा नफा संपूर्ण करमुक्त होता. आज त्यावर कर आहे. २३ जुलै २०२४ पासून तो १२.५ टक्के, आणि तोही सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर. ठेवीच्या व्याजाला मात्र उत्पन्नाच्या पायरीप्रमाणे ३० टक्क्यांपर्यंतचा दर लागू शकतो. एके काळी आयकर कायद्यात ‘८० एल’ नावाचे कलम होते. त्याखाली बँकेतील ठेवींच्या व्याजाची काही रक्कम करातून वगळली जाई. २००५ च्या अर्थसंकल्पाने ते कलम काढले आणि २०१८ पर्यंत मुदत ठेवीच्या व्याजाला अशी सूट उरली नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या. ज्या वर्षांत सट्ट्याच्या बाजारातील दीर्घ नफा सर्वस्वी मोकळा होता, त्याच वर्षांत निवृत्त कारकुनाच्या मुदत ठेवीची सूट काढून घेतलेली होती.

आणखी मागे जाऊ. १९५६ साली प्राध्यापक कॅल्डॉर यांनी भारतातील करव्यवस्थेवर अहवाल दिला आणि १९५७ साली संपत्तिकर आला. त्याच्या आधी १९५३ साली मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर कर बसला होता. हा वारसाकर १९८५ साली रद्द झाला आणि संपत्तिकर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. संपत्तिकरातून उत्पन्न थोडे आणि खटाटोप फार, असे तेव्हा सांगण्यात आले. त्याच्या जागी अतिश्रीमंतांच्या आयकरावर अधिभार वाढविला. तो पुढे ३७ टक्क्यांपर्यंत चढला, आणि २०२३ साली नव्या करप्रणालीत सर्वांत वरच्या पायरीचा अधिभार २५ टक्क्यांवर उतरविण्यात आला. दरम्यान सप्टेंबर २०१९ मध्ये एका वटहुकमाने कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के झाला. त्यापायी १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या वार्षिक महसुलावर पाणी सोडत असल्याचे अर्थमंत्र्यांनीच त्या वेळी सांगितले. एवढ्या रकमेवर हसत हसत पाणी सोडणारे सरकार बुधवार पेठेतल्या म्हाताऱ्याचे १२,६०० रुपये मात्र फॉर्म आल्याशिवाय सोडत नाही.

व्याज म्हणजे राहून गेलेली मजुरी

आपल्यातील काही साथी म्हणतात, व्याज हे बसून खाण्याचे उत्पन्न आहे. समाजवाद्यांनी त्याची कड का घ्यावी? या आक्षेपाला सरळ उत्तर दिले पाहिजे.

सावकाराचे व्याज आणि निवृत्त कामगाराचे व्याज यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कामगाराची ठेव म्हणजे त्याच्या मजुरीचा मागे ठेवलेला हिस्सा आहे. भविष्यनिर्वाह निधी पगारातून कापला गेला, ग्रॅच्युइटी नोकरीच्या वर्षांच्या मोजणीने मिळाली. व्याज ही त्याची स्वतःच उभी केलेली पेन्शन आहे, कारण दुसरी पेन्शन त्याला नाही किंवा असून नसल्यासारखी आहे. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये ठरली. हजार रुपयांत दोन माणसांची औषधेही येत नाहीत. म्हणून म्हातारा ठेवीकडे पाहतो.

त्या व्याजातही खरी कमाई थोडी असते. ठेवीवर सात टक्के मिळतात आणि महागाई पाच टक्के असते, तेव्हा पाच टक्के नुसती पुंजीची झीज भरून काढण्यात जातात. वाढ दोनच टक्क्यांची. कपात मात्र सातही टक्क्यांवर होते. त्यातच व्याजाचे दर त्याच्या हातात नसतात. २०२५ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाचवर आणला. कर्ज स्वस्त झाल्याचा आनंद उद्योगपतींनी साजरा केला. मुदत संपलेली ठेव नव्या, उतरलेल्या दराने ठेवताना म्हाताऱ्याच्या चुलीवरचे काय कमी झाले, त्याची बातमी झाली नाही.

मुद्दल तरी सुरक्षित आहे काय? पुणेकरांना हे सांगावयास नको. रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधली नऊ वर्षे ठेवीदार स्वतःच्याच पैशासाठी अर्ज करीत होते. ठेवींच्या विम्याची मर्यादा १९९३ पासून १ लाखावर थांबलेली होती. ती ४ फेब्रुवारी २०२० रोजी ५ लाख झाली, आणि निर्बंधांच्या काळातच विम्याचे पैसे मिळावेत यासाठी २०२१ ची दुरुस्ती यावी लागली. १ जून २०१५ पासून सहकारी बँकांतील सभासदांच्या मुदत ठेवींनाही कपात लागू झाली. व्याजातला आपला हिस्सा उचलताना सरकार एक दिवस थांबत नाही. मुद्दल बुडावयास लागले की ठेवीदाराने थांबावयाचे.

हा म्हातारा कर देत नाही, असेही कोणी म्हणू नये. तो रोज कर देतो. बंद पिशवीतल्या, शिक्का मारलेल्या तांदळावर आणि पिठावर जुलै २०२२ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर बसला. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जुलै २०१७ पासून १८ टक्के कर होता. तो वैयक्तिक विम्यापुरता उठावयाला २२ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. रेल्वेच्या तिकिटातील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये साथीच्या निमित्ताने काढली. साथ सरली तरी ती परत आली नाही.

पत्नीची पुंजी कोणाची?

जोडप्याचा प्रश्न म्हटला की आणखी एक अन्याय उघड होतो आणि तो या पेठेत बसून तरी विसरता येत नाही. येथल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. तो जीर्ण वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. स्त्री ही स्वतंत्र व्यक्ती आहे, हा त्या शाळेचा पहिला धडा होता. आयकर कायद्याने तो धडा अर्धाच गिरविला आहे.

आयकरात पती आणि पत्नी दोन स्वतंत्र करदाते आहेत. परंतु पतीने आपल्या पैशातून पत्नीच्या नावे ठेव ठेवली, तर तिचे व्याज कायद्याने पतीच्याच उत्पन्नात मिळविले जाते. १९६१ च्या कायद्यातील कलम ६४ चा हा नियम श्रीमंतांनी बायकांच्या नावे मालमत्ता वाटून कर चुकवू नये म्हणून आला, आणि तेवढ्यापुरता तो रास्तही आहे. पण चाळीस वर्षे स्वयंपाक, धुणे, सासू-सासऱ्यांची आजारपणे आणि मुलांची शिक्षणे निभावणाऱ्या बाईच्या नावे निवृत्तीच्या वेळी अर्धी पुंजी ठेवली, तर ते नवऱ्याने ‘मोबदल्याशिवाय’ दिलेले दान ठरते! तिच्या श्रमाचा मोबदला कायद्याच्या वहीत शून्य धरला आहे. आज करमाफीची रेषा उंच असल्याने अल्प उत्पन्नाच्या जोडप्याला हा नियम पैशाने फारसा नडत नाही. तत्त्वाने तो नडतो. आणि तत्त्व चुकीचे असेल तर उद्या रेषा खाली आल्यावर तो पैशानेही नडेल.

आंधळा कपातविरोध नको

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. ‘कर म्हणजे जुलूम’ ही घोषणा धनदांडग्यांची आहे. निवृत्तांच्या रास्त चिडीवर स्वार होऊन तीच घोषणा त्यांच्या तोंडी घातली जाते. मग म्हाताऱ्यांच्या नावाने मागितलेली करकपात कंपन्यांच्या पदरात पडते. आपण त्या वाटेने जाता कामा नये. आम्हाला कर हवा आहे. तो संपत्तीवर हवा, वारशावर हवा, सट्ट्याच्या नफ्यावर हवा. ज्याला तो लागत नाही त्याच्या व्याजावर नको.

शिवाय या पेठेत ठेवीदार म्हातारे आहेत तसे ठेव नसलेले म्हातारेही आहेत. दुकानांत आयुष्यभर गडी म्हणून राबलेले, हातगाड्या ओढलेले, धुणीभांडी केलेल्या, आणि ज्या गल्ल्यांचे नाव सभ्य समाज कुजबुजत घेतो तेथे तारुण्य संपवून म्हाताऱ्या झालेल्या स्त्रिया. यांना कपातीचा प्रश्न नाही, कारण कापण्याजोगे काही नाही. राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या दरिद्री वृद्धासाठी केंद्राचा वाटा २००७ पासून महिना २०० रुपयांवर खिळलेला आहे. बाबा आढाव यांनी हमालांच्या संघटनेतील आयुष्यभराच्या अनुभवातून आणि अरुणा रॉय यांच्या साथीने २०१२ साली ‘पेन्शन परिषदे’ची मागणी उभी केली: प्रत्येक वृद्ध कष्टकऱ्याला किमान वेतनाच्या निम्म्याइतकी पेन्शन. छोट्या ठेवीदाराची आणि ठेव नसलेल्या हमालाची मागणी एकत्र बांधणे, हे आपले काम आहे. दोघांचेही म्हणणे एकच आहे: आयुष्यभर राबलेल्या माणसाने म्हातारपणी हात पसरू नयेत.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, साठीवरील ठेवीदाराच्या व्याजातून कपात सुरू होण्याची मर्यादा करमुक्त उत्पन्नाच्या मर्यादेइतकी करावी. दोन, निवेदन एकदाच आणि एकाच ठिकाणी द्यावे. उत्पन्न बदलेपर्यंत ते सर्व बँकांना व टपाल खात्याला बंधनकारक असावे. तीन, बँकांनी केलेल्या कपातीची नोंद पॅनवर आयकर खात्याकडे असतेच. तेव्हा कर लागू नसलेल्या वृद्धाची रक्कम त्याने न मागता खात्याने परत करावी. चार, साठीवरील पती-पत्नींच्या संसारातील ठरावीक मर्यादेपर्यंतची पुंजी निम्मी-निम्मी मानण्याची मुभा असावी. पाच, संपत्तिकर आणि वारसाकर पुन्हा बसवून त्यातून सार्वत्रिक पेन्शन द्यावी.

यांत अशक्य काही नाही. ब्रिटनमध्येही बँका व्याजातून २० टक्के कापीत आणि करपात्र नसलेल्या वृद्धांना ‘आर ८५’ नावाचा फॉर्म द्यावा लागे. ६ एप्रिल २०१६ पासून बँका व्याज न कापता देऊ लागल्या आणि तो फॉर्म इतिहासजमा झाला. भांडवलशाही देशाला जे जमते, ते घटनेच्या सरनाम्यात ‘समाजवादी’ शब्द मिरविणाऱ्या देशाला का जमू नये?

एप्रिलपर्यंत काय करावयाचे

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने मार्चअखेर आपल्या भागातील वाड्यांची आणि चाळींची यादी करावी. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गणेश मंडळाच्या मांडवात किंवा समाजमंदिरात टेबल मांडावे. प्रत्येक जोडप्याची बँका व पोस्टातील खाती एका कागदावर उतरून घ्यावी. पॅनला आधार जोडले आहे का ते पाहावे. ज्यांचा कर शून्य निघतो त्यांची निवेदने भरून प्रत्येक ठिकाणी पोचवावी आणि पोचपावती घ्यावी. सगळी ठेव एकाच पहिल्या नावावर असेल तर कपात त्याच नावावर होते, हे समजावून सांगावे. आमच्या नमुन्यातील १८ लाख दोघांच्या पहिल्या नावांवर नऊ-नऊ लाख असते, तर व्याज प्रत्येकी ६३,००० झाले असते आणि कात्री लागलीच नसती. मात्र पैसा मुळात नवऱ्याचा असेल तर त्याचे व्याज हिशेबात त्याच्याकडेच धरावयाचे, हेही सांगावे. खोटे निवेदन कोणाकडूनही देववू नये. गेल्या वर्षी कपात झाली असेल तर परताव्याचे विवरणपत्र भरण्यास तरुण कार्यकर्त्याने सोबत बसावे. आणि कोणत्या घराचे किती पैसे कापले गेले, किती परत आले, याची वही ठेवावी. शंभर घरांची अशी वही हातात असेल, तर निवेदन देताना आवाज आपोआप चढेल.

पुष्कळांना हे काम क्षुल्लक वाटेल. मोर्च्यात शोभा असते. फॉर्म भरण्यात नसते. परंतु ज्या म्हातारीचे बारा हजार आपण सोडवून आणू, तिच्या खोलीत आपल्या शब्दाला किंमत येईल; आणि सार्वत्रिक पेन्शनच्या मोर्च्यात ती आपल्या नातवाचा हात धरून येईल. येत्या एप्रिलमध्ये बँकेच्या पायऱ्या तिने एकटीने चढू नयेत.